सूपभर कोंडा

कळसच्या प्रयागबाईनं पोटचं पोर सूपभर कोंड्याला विकलं, हे गावात कुणालाही विचारा, सांगतील. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पहिलं पोरगं हाताला लागलं नाही की दुसऱ्याला विकायचीच रीत होती. शेजारणीनं दारात यायचं, सूपभर कोंडा ओतायचा, पोर उचलून उंबऱ्याबाहेर न्यायचं आणि मग ‘माझं पोर सांभाळ गं बाई’ म्हणून परत आईच्याच ओटीत घालायचं. म्हणजे मरण दारात आलं तर त्याला वाटावं, ह्या घरात ह्यांचं पोरच नाही, कोंड्याच्या मोलाचं कुणाचंतरी काहीतरी पडलंय, चला पुढं. आता मरण एवढं भोळं असतं होय? पण धास्तावलेली माणसं असतात ना भोळी!

पहिला होता संभाजी. गुटगुटीत, बघत राहावं असा. बारशानंतर सोनार आला, कान टोचले, सोन्याची तार घातली, गूळ वाटला. आणि कान जे वाहायला लागले ते थांबेचनात. हळद दाबली, चुलीतली राख दाबली, कोळ्याचं जाळं चिकटवलं. सासू धोंडाबाईनं सोनाराला शिव्या घातल्या, सोनारानं तारेला घातल्या. पोर पांढरं पांढरं पडत गेलं आणि एका सकाळी दूध प्यायला त्यानं तोंडच उघडलं नाही. सगळे म्हणाले, दृष्ट लागली. प्रयागबाई काहीच म्हणाली नाही. तिचं माहेर निमगावचं. तिचा एक भाऊ दात पडल्याचं निमित्त होऊन असाच वाहून वाहून गेला होता, दुसरा बैलगाडीवरून पडून पोट फुगून गेला होता. तिला आतून कळून चुकलं होतं. पण कळलेलं बोलायचं कुणाजवळ? माहेरचं असलं काही सासरी सांगणारी बाई अजून जन्माला यायची आहे.

संभाजीच्या आधीची एक मुलगी होती, कौसल्या. तिचे कान टोचले, नाक टोचलं, काट्याकुट्यांतून अनवाणी हिंडली, तिला ढिम्म काही झालं नाही. म्हणून दुसरा मुलगा झाला तेव्हा धोंडाबाईनं ठरवलं, हा विकायचा. भावकीतली थोरली जाऊ ठमाबाई विकत घ्यायला आली. ठमाबाईच्या पोटी काही नव्हतं. देवऋषी झाले, उपास झाले, कूस उजवली नाही. तिनं कोंडा ओतला, पोर उचललं, अंगणात नेलं, आणि परत देताना तिचे हात जरा अडले. प्रयागबाईनं ते पाहिलं. पोराचं नाव पडलं कोंडिबा. पुढच्याच वर्षी धोंडाबाई वारली. सौदा करणारी गेली आणि सौदा तेवढा मागं राहिला.

कोंडिबाचे कान प्रयागबाईनं टोचू दिले नाहीत. ‘खंडोबाला बोललेय मी’ म्हणून तिनं धडधडीत थाप मारली. पण पोर रांगायला लागलं आणि थाप पुरेना. गुडघे निळे. ढुंगण निळं. कुणी लाडानं दंडाला धरून उचललं तर दंडावर पाची बोटं काळीनिळी उमटायची. तिनं वाकळेचे तुकडे शिवून गुडघ्यांना बांधले. महिपतीनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, अंगणाभोवतीचं बाभळीचं कुपाटं तोडून टाकलं, ओट्याच्या कडांना गोणपाट ठोकलं, बैलांच्या शिंगांना चिंध्या गुंडाळल्या. गाव हसलं. ‘महिपतीचे बैल नवरदेव झाले’ म्हणालं. हसू दे. महिपती वाईट माणूस नव्हता हो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्ही त्याला शिव्या घालणार आहात.

कोंडिबा पाच वर्षांचा असताना पाय घसरून पडला आणि त्याचा ओठ दातात सापडला. रक्त थांबेना. बारामतीच्या डॉक्टरनं बघून पुण्याला न्यायला सांगितलं. छोट्या रेल्वेगाडीनं दौंड, तिथून पुणं. पदराचा बोळा पोराच्या तोंडाशी धरून प्रयागबाई बसलेली आणि डब्यातली माणसं अंग चोरून लांब सरकलेली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात त्याला कुणा परक्याचं रक्त चढवलं आणि पोराच्या गालावर रंग आला. तिथला डॉक्टर भला होता. त्यानं दोघांना समोर बसवून सगळं फोडून सांगितलं. ‘ह्याचं रक्त गोठत नाही. कुठं चीर द्यायची नाही, टोचायचं नाही, सांधा सुजला तर चोळायचं नाही, चटका द्यायचा नाही. ओलं फडकं ठेवायचं, हलवायचं नाही, आणि सरळ इथं आणायचं. हा आजार आईच्या अंगातून मुलाकडं येतो. आईला काही होत नाही. मुलीलाही होत नाही, पण तिच्या मुलाला होऊ शकतो.’

एवढं सगळं सांगितलं, आणि महिपतीच्या कानात शिरलं ते शेवटचं तेवढंच. दौंडला छोट्या गाडीची वाट बघत बसले असताना म्हणाला, “तुझ्या रक्तातलं हाय म्हणं.”

प्रयागबाईनं पोराचं डोकं मांडीवर घेतलं.

“संभाचं बी त्येच असणार.”

मग बारामतीला उतरल्यावर, पोराला खांद्यावर घेत तो हळूच म्हणाला, “ह्यातलं गावात कुणापाशी ब्र काढायचा न्हाय. कौसीचं लगीन व्हायचं हाय अजून. तिच्यात बी हाय म्हणल्यावर कोण करील तिला?”

आणि हे मात्र प्रयागबाईला पटलं. काय करणार! एक पोर मरणाच्या दाढेत आणि दुसरीला जन्मभर बापाच्या घरात कुजवायची, हे कुठल्या आईला पटेल? दोघांनी मिळून ओठ शिवून घेतले.

तिथून पुढं त्या बाईनं जे काढलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. वांग्याच्या वाफ्याला पाणी द्यायचं तर एक डोळा पोरावर. भाकरी थापायची तर एक डोळा पोरावर. आणि पोर कसलं, भिंगरी! पळू नको म्हटलं की पळायचं, चढू नको म्हटलं की चढायचं. शेवटी ती कामाला बसली की त्याच्या कमरेला जुनेर, म्हणजे आपलं जुनं लुगडं, बांधायची आणि दुसरं टोक खांबाला. पोर बोंबलायचं, “सोड की गं! मी काय वासरू हाय का?” एकदा तो गाठ सोडवून गुऱ्हाळाच्या चुलवाणापर्यंत गेला. काकवी उकळत होती आणि हा वाकून बघत होता. प्रयागबाईनं ओढून आणला आणि जीव ठिकाणावर नव्हता म्हणून एक चापट मारली. एकच. सबंध गाल सुजला, डोळा मिटला, तिची बोटं पोराच्या तोंडावर कितीतरी दिवस राहिली. येणारी जाणारी ती बोटं बघत होती. पुन्हा तिनं हात उचलला नाही. पण गावाला पुन्हाची गरजच नव्हती.

ठमाबाई रोज यायची. ओच्यात गुळाचा खडा, ओट्यावर बसून कोंडिबाचे लाड. तो तिला थोरली आई म्हणायचा. एक दिवस तिनं त्याला न्हाऊ घालायला सदरा काढला आणि पाठ बघून किंचाळली. आदल्या दिवशी पोर वासरावर बसायला गेलं होतं आणि उताणं पडलं होतं, एवढंच. पण पाठ सबंध काळी जांभळी, आणि कमरेला जुनेराचा वळ. ठमाबाईनं पोर तसंच उघडं कडेवर घेतलं आणि थेट मानसिंगतात्यांच्या, म्हणजे पाटलांच्या पुढं नेऊन उभं केलं.

चावडीत माणसं जमायला काय वेळ! नेमका त्याच दिवशी पळसदेवचा गेणबा गावात आलेला. कौसल्येची सोयरीक भीमेकाठच्या पळसदेवला जमली होती, नदीलगतची काळी जमीन, घरात दोन बैलजोड्या, आणि हा गेणबा नवऱ्या मुलाचा मामा. तारीख धरायला आला होता तो. पान चघळत, भिंतीला टेकून, मजेनं बघत बसला.

मानसिंगतात्यांनी पोराला जवळ घेऊन विचारलं, “काय रं, कुणी मारलं तुला?”

“कुणीच न्हाय.”

“आई बांधून घालती?”

पोर खरं बोललं. “व्हय. खांबाला.”

बाया तोंडाला पदर लावून हळहळल्या. तात्यांनी प्रयागबाईकडं बघितलं. “काय गं? पोराला मारतीस?”

प्रयागबाईनं नवऱ्याकडं बघितलं. डॉक्टरनं सांगितलेलं एक वाक्य त्यानं बोलायचं होतं, बस. पोराचं रक्त तसलं हाय, तात्या, न मारता निळं पडतं. पण गेणबा तिथं पान चघळत होता. महिपतीनं धोतराचा सोगा हातात घेतला, त्याची घडी घातली, उलगडली, परत घडी घातली. वर मान म्हणून केली नाही. मूग गिळून बसला गडी. आता घाला शिव्या.

मग प्रयागबाईनं दारात उभ्या असलेल्या कौसल्येकडं बघितलं. परकराचा घोळ हातात धरून उभी होती ती, पळसदेवच्या माणसाकडं चोरून बघत.

“व्हय,” प्रयागबाई म्हणाली. “मारते.”

पुढचं सोपं झालं. तात्या म्हणाले, पोर कोंड्याच्या सौद्यानं ठमाबाईचंच हाय, तिच्यापाशीच राहील. जाणतं झाल्यावर बघू. गाव खूश. न्याय केल्यावर गाव जितकं खूश होतं तितकं गावजेवणानंही होत नाही. ठमाबाईनं पोराला सदऱ्यात गुंडाळून नेलं, आणि ह्या खेपेला तिचे हात कुठंही अडले नाहीत. गेणबानं माघातली तारीख धरली आणि जाताना महिपतीला म्हणाला, “बायकूला जरा दाबात ठिवा, पाव्हणं.”

त्या दुपारी प्रयागबाईनं भुईला पाठ टेकली आणि ती झोपली. कित्येक वर्षांत अशी झोपली नव्हती. उन्हं उतरल्यावर जाग आली तेव्हा अंग हलकं वाटलं, डोकं मोकळं वाटलं. आणि ते मोकळं वाटलं म्हणून तिनं कपाळ खांबावर आपटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती ठमाबाईच्या परसात जाऊन उभी राहिली. “जाऊबाई, एवढं ऐका. त्येचा सांधा सुजला तर चोळू नका. शेकू नका. ओलं फडकं ठिवा आन् मला हाक मारा.”

“तू मला शिकवतीस? मारकुटे!”

खरं सांगावं का? ओठांवर आलं होतं. पण ठमाबाईला सांगणं म्हणजे दवंडी देणं. तिच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नव्हतं. प्रयागबाई परत आली. पुढच्या आठवड्यात सूपभर कोंडा घेऊन गेली. “ह्यो घ्या तुमचा कोंडा. सौदा मोडा. माझं पोर द्या.”

ठमाबाईनं पाय लावून सूप मागं सरकवलं. “मोडायला काय बाजारातली वांगी हायती?”

आणि कोंडिबा? तो विटीदांडू खेळत होता. लंगडत, पण खेळत. जन्मात पहिल्यांदा कुणी त्याला सोडलं होतं. प्रयागबाईनं हात पुढं केले तर तो ठमाबाईच्या लुगड्यामागं गेला. “मी न्हाय येणार. तू बांधतीस.” सूप तसंच उचलून ती घरी आली आणि म्हशीपुढं कोंडा ओतला.

पौष सरला. कौसल्येच्या लग्नाचा बस्ता बांधायला दोघं नवराबायको गाडी जुंपून बारामतीला गेली. शालू, पातळं, नवरदेवाचा फेटा, सगळं घ्यायचं होतं. निघताना प्रयागबाईनं ठमाबाईच्या दारावरून गाडी मुद्दाम हळू चालवायला लावली. पोर दिसलं नाही. आतून कण्हल्यासारखा आवाज आला, की आला नाही, तिला पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही. महिपती म्हणाला, “चल, उशीर व्हईल.”

पोर आतच होतं. गुडघा मडक्याएवढा सुजला होता. ठमाबाईनं रात्रभर चोळला होता, तेल लावून, मनापासून. मायेत कुठं कमी पडली नाही हो ती! जितकी माया केली तितका गुडघा फुगत गेला. सकाळी पोर आई आई करायला लागलं, तेव्हा तिनं तुंबडी लावणारी बोलावली. नासकं रक्त साठलंय, काढलं की पाय हलका होईल, असं साऱ्या आळीचं मत पडलं. तुंबडीवालीनं वस्तऱ्यानं गुडघ्यावर बारीक बारीक चिरा दिल्या, वर शिंग लावलं आणि तोंडानं ओढलं. रक्त आलं. सगळ्यांना बरं वाटलं. पोरालाही थोडा वेळ बरं वाटलं म्हणे. मग शिंग काढलं, आणि रक्त येतच राहिलं.

दोघं परतली तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता. ठमाबाईच्या दारात माणसं उभी बघून प्रयागबाईनं चालत्या गाडीतून उडी टाकली. आत घोंगडं भिजून जड झालं होतं. पोराचे ओठ कागदासारखे. तिनं काही विचारलं नाही, पोर उचललं आणि गाडीत शालूंच्या गाठोड्यावर ठेवलं. महिपतीनं बैल वळवले. बारामतीला न्यायचं, तिथून पुण्याला न्यायचं. चाबूक कधी न उचलणारा तो माणूस बैलांना झोडपत सुटला. ठमाबाईही गाडीत चढली. तिला उतर म्हणायला कुणाला भान होतं?

कालव्याच्या पुलाशी पोरानं डोळे उघडले. “आई,” म्हणालं. दोघीही वाकल्या. ते ठमाबाईकडं बघत होतं.

पुलापुढं फारसं जावं लागलं नाही.

महिपतीनं गाडी थांबवली. ठमाबाई छाती बडवायला लागली, “मी काय वंगाळ केलं गं? सगळ्यांच्या गुडघ्याला लावत्यात, ह्येचंच रगत का थांबलं न्हाय?”

तेव्हा प्रयागबाईच्या तोंडून गेलं. “थांबतच न्हाय त्येचं. जल्मापास्नं थांबत न्हाय. डाक्तरनं सांगितलं हुतं, चीर द्यायची न्हाय.”

ठमाबाईचे हात जागच्या जागी राहिले. “तुला ठावं हुतं?”

“व्हय.”

“आन् तू चावडीत म्हणालीस, मी मारते.”

महिपती गाडीवरून उतरला आणि त्यानं भावजयीचे पाय धरले. “वयनी, कौसीचं लगीन हाय. तुमच्या पाया पडतो. कुणापाशी बोलू नका.”

ठमाबाईनं पाय ओढून घेतले. बराच वेळ ती पोराच्या गुडघ्यावरचं फडकं सारखं करत राहिली. मग एवढंच म्हणाली, “मला एकलीला सांगितलं असतंस, तर मी त्येला फुलागत ठिवला असता.” त्यानंतर ती प्रयागबाईशी जन्मात बोलली नाही. आणि नवल बघा, जिच्या पोटात पाणी टिकत नव्हतं, तिनं हे मात्र टिकवलं. गावानं आपल्या आपण ठरवलं की मारून मारून आईनं पोराचा पाय आतून नासवला होता, ठमाबाईनं बिचारीनं उपाय केला पण उशीर झाला होता. मानसिंगतात्या म्हणाले, आधीच काढून घ्यायला पाहिजे होतं पोर.

माती द्यायच्या आधी प्रयागबाई सूप भरून कोंडा घेऊन ठमाबाईच्या दारात गेली. सूप शिगोशीग भरलं होतं तिनं, हातानं दाबून. ठमाबाईनं ह्या वेळी पदर पसरला आणि घेतला. सौदा मोडला. मग प्रयागबाईनं आपलं पोर आपल्या ओटीत घेतलं आणि ओढ्याकाठापर्यंत दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही.

सुतक सरलं, लग्न थोडं पुढं गेलं, पण झालं. मांडव पडला, वाजंत्री वाजली. शालूला कडेशी एक डाग होता, तो प्रयागबाईनं निऱ्यांत आत घातला. पाठवणीच्या वेळी ती लेकीची ओटी भरायला आतल्या खोलीत गेली. कौसल्येनं दार लोटून घेतलं.

“आई, तू त्येला कधी मारत न्हवतीस. एक चापट सोडली तर बोट लावलं न्हाईस. मी घरात हुते की. मग चावडीत खोटं का बोललीस?”

प्रयागबाईनं नारळ तिच्या ओटीत घातला. मूठभर गहू घातले.

“बोल की. नकोसा झाला हुता व्हय तुला? जड झाला हुता?”

हिच्यासाठी बोलले, हे हिला कसं सांगायचं? सांगितलं तर पोरगी ते घेऊन सासरी जाणार, पहिल्या दिवसापासून आपल्याच पोटाला भिणार, कधीतरी नवऱ्यापाशी बोलणार, आणि मग कोंडिबा फुकटच गेला म्हणायचा. आणि ती दुपारची झोप प्रयागबाईला आठवली. ते मोकळं मोकळं अंग आठवलं.

“व्हय,” ती म्हणाली. “जड झाला हुता.”

कौसल्येनं ओटी गच्च धरली. वाकून पायाला हात लावायचा असतो, तो लावला नाही. बाहेर जाऊन गाडीत बसली, रडली नाही, मागं वळून बघितलं नाही. बाया म्हणाल्या, पोरगी मोठी धीराची. गेणबाला तर भारी कौतुक वाटलं. महिपतीच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, “धडधाकट लेक दिलीत, पाव्हणं! आता नातू झाला की कान टोचायला तुमालाच बोलवणार. तार आजोळची लागती हं, सोन्याची!”

महिपती हात जोडून “व्हय, व्हय” म्हणाला, आणि गाडी पळसदेवच्या वाटेला लागली.